दाढेखालचा गहू

थोरल्यानं सकाळी सकाळी कुत्र्याला लाथ घातली, तेव्हाच थोरलीनं ओळखलं की आभाळ आलंय.

नवऱ्याचा राग आणि आभाळ यांचं तिच्या घरात जुनं सूत होतं. गहू पिकून ओंब्या खाली वळल्या आणि वर ढग दिसला, की हा माणूस आधी कुत्र्याला मारी, मग बादलीला, मग जे हाताशी सापडेल त्याला. बायकोचा नंबर कितवा, ते ढग किती काळा त्यावर असे. आज तो विळ्याला धार लावायला बसला होता. गहू मशीननं निघायचा होता, विळ्याचं तिथं काही काम नव्हतं. तरी तो दगडावर पाणी टाकून विळा घासत होता आणि अंगणापलीकडे, आपल्या खोलीच्या दारात, धाकटा कान चोळत उभा होता.

कान म्हणजे कानाचा जो भाग उरला होता तो. दोन वर्षांपूर्वी धाकटा म्हणाला होता, दाण्यात अजून ओल आहे, चार दिवस वाळू दे, उगाच खर्च कशाला. बोलला ते काही खोटं नव्हतं. पण पाचव्या दिवशी पाऊस आला तो आठवडाभर हलला नाही. दाण्याला ओंबीतच मोड आले. त्या गव्हाचं पीठ हाताला डिंकासारखं चिकटायचं. सहा महिने घरानं तेच खाल्लं आणि प्रत्येक घासाला थोरला धाकट्याकडे बघत राहिला. एक दिवस जेवता जेवता उठला आणि विळा घेऊन भावाच्या अंगावर गेला. धाकट्याची डाव्या कानाची पाळी गेली. त्यानंही बसायचं स्टूल उचलून भावाच्या डोक्यात घातलं. रक्त थोरलीनंच पुसलं, दोघांचंही, एकाच फडक्यानं.

तेव्हापासून तिची देवाकडे दुसरी कुठली मागणी नव्हती. गहू कमी येवो, जास्त येवो, घरात येताना रक्त सांडून येऊ नये.

सासरा काठी टेकत बाहेर आला. "चल पोरी," म्हणाला. "दव उडायच्या आत बघून येऊ."

या घराची एक रीत होती. उभ्या गव्हातला दाणा घरच्या कर्त्यानं दाढेखाली धरायचा आणि मगच काढणीचं बोलायचं. वाळलेला दाणा कट्कन फुटतो, ओला दाणा दबतो आणि दाढेला चिकटतो. ऐकायला सोपं आहे, पण फुटणं आणि दबणं यांच्या मधे बरंच काही असतं, आणि त्या मधल्या जागेतच शेतकऱ्याचं वर्ष अडकलेलं असतं. म्हाताऱ्याची दाढ आजवर चुकली नव्हती. शेजारपाजारचे लोक ओंब्या घेऊन त्याच्याकडे यायचे. तो चावायचा, थुंकायचा, "परवा" म्हणायचा, आणि तो परवाच असायचा.

पण चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात ते उगाच नाही. तीन वर्षांपूर्वी म्हाताऱ्याचे दात गेले आणि तोंडात कवळी आली. पहिल्या हंगामात त्यानं कवळीखाली दाणा धरला आणि त्याला काहीच कळलं नाही. बांधावर उभा राहून तो म्हातारा माणूस रडला होता. काठी धरायला म्हणून थोरली बरोबर होती. तिनं एक दाणा स्वतःच्या दाढेखाली घेतला. म्हाताऱ्यानं कान पुढे केला. तिच्या तोंडातला आवाज ऐकून तो म्हणाला, "काय वाटलं सांग." तिनं सांगितलं. त्यानं बरोबर कुठलं, चूक कुठलं ते सांगितलं. अशी तीन हंगाम ती शिकली. आता तिनं न सांगताच त्याला आवाजावरून कळे आणि तिला जिभेवरून. घरात याचा कुणालाच पत्ता नव्हता. लोकांना वाटे, सून काय गुणाची, सासऱ्याला सकाळी फिरवून आणते.

आज नऊ एकर गहू पिवळा होऊन उभा होता, म्हणजे कडेनं उभा आणि मधे आडवा. परवाच्या वाऱ्यानं मधला पट्टा लोळवला होता. ती कडेला थांबली नाही, साडी खोचून थेट मधे गेली, लोळलेल्यातली एक ओंबी चोळली, फुंकर मारली आणि दाणा दाढेखाली घेतला.

दाणा दबला. चपटा होऊन दाढेला चिकटून बसला.

"वाजला नाही," म्हातारा बांधावरून म्हणाला.

"नाही."

"कडेचा?"

तिनं कडेचा चावून बघितला. तो फुटला, पण मऊ फुटला. "हाही अर्धाच आहे, आबा. कडक ऊन पडलं तर तीन दिवस लागतील."

म्हातारा वर बघत राहिला. ऊन कुठं होतं.

परत येताना त्यांना लांबूनच मशीन दिसलं. शिवारात हे असं मशीन एकच होतं. मशीनवाला परगावचा. पुढच्या लोखंडी तोंडानं पीक कापायचं, पोटात मळायचं आणि दाणा टाकीत टाकायचा, हे सगळं त्याचं मशीन एका चालीत करी. पाळी ठरलेली असे. आज यांची होती. पाळी सोडली तर नंबर शेवटी, म्हणजे बारा दिवसांनी. दर मात्र दोन होते. वाळलेला गहू एकरावर आणि ओला गहू तासावर. ओल्याची काडी चिवट असते, तुटत नाही, फिरत्या भागांना गुंडाळते. मशीन म्हशीच्या चालीनं न्यावं लागतं आणि डिझेल दुप्पट जळतं. तासावर लावलं की नऊ एकरांना वीस एकरांचा पैसा. शिवाय तो दाणा वाळवायचा खर्च वेगळा, नाहीतर व्यापारी पोत्यात हात घालतो आणि मेलेला उंदीर लागल्यासारखं तोंड करतो.

बांधावर मशीनवाला हातात ओल मोजायचं मीटर घेऊन उभा होता. ठेंगणा, जाडजूड, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. समोर दोघे भाऊ. थोरल्यानं विळा आणलाच होता.

"एकोणीस टक्के," मशीनवाला म्हणाला. "हे बघा, स्वतः वाचा. तेराला माल जातो. पंधरापर्यंत मी एकरावर करतो. एकोणीसला तासावरच."

"तुझा डबा तुझ्यासारखाच बोलणार," थोरला म्हणाला.

"मग पाळी सोडा. पुढचा शेतकरी हात जोडून बसलाय."

"सोडू," धाकटा म्हणाला. "तासावर काढायचा असेल तर माझ्या वाटणीचा पैसा मी देणार नाही. त्यापेक्षा थांबू."

थोरल्यानं मान हळूच वळवली. "थांबू म्हणालास?"

"थांबू म्हणालो. पुन्हा म्हणतो, थांबू."

"परत खायला घालतोस होय ते मोडाचं पीठ?" असं म्हणत थोरल्यानं त्याच्या छातीवर हात मारला. धाकटा दोन पावलं मागे गेला आणि पुढं आला तो डोकं खाली घालूनच. त्याचं कपाळ थोरल्याच्या नाकावर बसलं. रक्ताची धार शर्टावर आली. थोरल्यानं ती हातानं पुसली, हाताकडे बघितलं आणि विळा उजव्या हातात नीट धरला. धाकट्यानं बांधावरचा दगड उचलला. त्याची बायको धाकटी घरातून धावत आली होती, ती लांबच थबकली आणि पदर तोंडात कोंबून उभी राहिली.

मशीनवाला मधे पडला. त्याला काही यांचं प्रेम नव्हतं, पण मुडदा पडला तर दिवस वाया गेला असता. "थांबा," तो म्हणाला. "म्हातारबाबांची दाढ मलाही ठाऊक आहे. माझ्या मीटरपेक्षा मी तिला मानतो. ते वाळला म्हणाले तर एकरावर काढतो, नुकसान माझं. ओला म्हणाले तर तासावर. मान्य?"

दोघा भावांनी एकमेकांवरची नजर न काढता माना हलवल्या. मग सगळे म्हाताऱ्याकडे वळले.

म्हाताऱ्याची आणि थोरलीची एक खूण होती. चारचौघांत कुणी विचारलं तर म्हातारा तिच्या दंडाला धरून उभा राही आणि ती त्याचं मनगट दाबी. एकदा दाबलं तर ओला, दोनदा तर वाळला. आज खुणेची गरजच नव्हती, म्हाताऱ्यानं कानानं ऐकलं होतं. तरी त्यानं सवयीनं तिचा दंड धरला.

थोरलीनं विळ्याकडे बघितलं. ओला म्हटलं तर थोरला तासावर काढा म्हणणार, धाकटा पैसा देणार नाही, आणि पुढचं तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. वाळला हा एकच शब्द होता ज्यात दोघांचंही समाधान होतं. एकाला आजच काढणी मिळत होती आणि दुसऱ्याला कमी दर. मधे नुकसान होणार ते त्या ठेंगण्या परक्या माणसाचं. त्याचं नुकसान तिला चालणार होतं.

तिनं म्हाताऱ्याचं मनगट दोनदा दाबलं.

म्हाताऱ्यानं दचकून तिच्याकडे बघितलं. मग त्यानंही विळ्याकडे बघितलं.

"वाळलाय," तो म्हणाला. "काढा."

धाकट्यानं दगड टाकला. थोरल्यानं विळा बांधात रोवला. थोरलीला वाटलं, झालं, सुटलो. बाईमाणूस किती भोळं असतं याला हद्द नाही. ती चहा करायला घरी गेली आणि चुलीपुढं बसून स्वतःशी हसली सुद्धा.

एकरावरचं मशीन आणि तासावरचं मशीन यांत फरक असतो, तो या घरात कुणाच्या ध्यानातच आला नाही. तासावर लावलेला माणूस सावकाश जातो, कारण पैसा त्याचा तासागणिक चालू असतो. एकरावर लावलेला पळतो. जितका लवकर मोकळा होईल तितकं त्याचं, आणि अडकला तो वेळ त्याच्या खिशातला. शिवाय मशीनवाल्याला आतून ठाऊक होतं की आपलं मीटर खोटं नाही. म्हाताऱ्याच्या दाढेला मान देऊन तो फसला होता, आणि ते त्याला पहिल्या फेरीतच कळलं. त्यानं दात खाल्ले आणि मशीन आणखी पळवलं.

कडेकडेचे तीन एकर बरे गेले. टाकीतला दाणा थोरलीनं हातात घेतला तर तो गार लागला, मुठीत दाबला की मुठीला ओल राहात होती. ती पोती धरत होती, धाकटी तोंडं शिवत होती, धाकटा पोती ओढून ताडपत्रीखाली लावत होता. ढग खाली उतरले होते आणि वारा पडला होता.

मशीन मधल्या लोळलेल्या पट्ट्यात शिरलं आणि घरघरून थांबलं. तोंडात काड अडकलं होतं. दोरासारखं पीळ खाऊन लोखंडाला गुंडाळलेलं, आतून हिरवट. थोरला लांब दांड्याची लोखंडी आकडी घेऊन धावला. मशीनवाल्यानं खटका ओढून पुढचं तोंड थांबवलं, इंजिन चालूच ठेवलं. "आकडीनं काढ. हात घालू नकोस," वरून ओरडला. थोरल्यानं आकडीनं ओढून काड काढलं, मशीन चालू झालं.

तीस पावलांवर पुन्हा अडकलं. पुन्हा आकडी. पुढच्या पन्नास पावलांत तिसऱ्यांदा.

"वाळलाय म्हणे," मशीनवाला वरून थुंकला. "तुमच्या घरी वाळल्याला काय म्हणतात?"

"तू गप मशीन चालव," थोरला म्हणाला.

"चालवतोय की. डिझेल तुझा बाप देतोय का?"

पहिला थेंब थोरलीच्या मानेवर पडला तेव्हा मशीन चौथ्यांदा अडकलं होतं. या वेळचं काड आकडीला येईना. थोरल्यानं आकडी जमिनीत मारली आणि हात घातला. मशीनवाला आभाळाकडे बघत होता. समोर सहा एकर राहिलेले, वर पाऊस, आणि एकेक मिनिट त्याच्या खिशातून जात होतं. तोंड उलटं फिरवलं की काड कधीकधी आपोआप सुटतं. त्यानं खाली न बघता उलटा खटका ओढला.

थोरला ओरडला नाही. मशीनच्या तोंडातून फक्त एक ठोका ऐकू आला, ओलं लाकूड मोडावं तसा. त्यानं हात बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघत राहिला. अंगठा आणि करंगळी होती. मधली तीन बोटं नव्हती. मग तो खाली बसला आणि त्याच्या मांडीवर, गव्हावर, आकडीवर रक्त पडायला लागलं.

थोरलीनं पदर फाडून मनगट आवळलं. तिच्या हाताखाली रक्त गरम होतं आणि थांबत नव्हतं. "घट्ट बांधा, वहिनी," धाकटा म्हणाला आणि उठला. त्यानं आकडी उचलली, मशीनवर चढला आणि मशीनवाल्याला गळ्याला धरून खाली खेचला. तो माणूस पाठीवर आपटला. धाकट्यानं आकडीचा दांडा त्याच्या खांद्यावर घातला, मग बरगडीवर, मग त्यानं तोंड झाकलं तेव्हा हातांवर. दोन वर्षं ज्या भावाशी तो धड बोलला नव्हता, त्याचं नाव घेऊन तो मारत होता. मशीनवाल्याच्या भुवईवरची कातडी फाटून डोळ्यावर आली.

"मारू नका," तो चिखलात सरपटत म्हणाला. "एकोणीस दाखवलं होतं. तुम्हाला दाखवलं होतं. म्हातारा वाळला म्हणाला. त्याला विचारा. तासावर असतो तर मी असा पळालो असतो का?"

धाकट्याचा हात वरच्या वर थांबला.

म्हातारा बांधावर उभा होता. धाकटा त्याच्याकडे चालत गेला. आकडी हातात तशीच. "आबा," तो म्हणाला. "तुम्ही चावला होता ना दाणा?"

म्हातारा काठी टेकत एक पाऊल मागं सरला.

"ओला होता का वाळला होता? दादाची बोटं गेली, आबा. बोला."

म्हाताऱ्यानं काठी सोडून दिली आणि हात जोडले. पोटच्या पोराला हात जोडले. धाकट्यानं आकडी वर उचलली. मारलीच असती की नाही, हे धाकट्यालाही पुढं कधी सांगता आलं नाही. पण थोरलीला ते बघवलं नाही.

"भाऊजी, त्यांनी नाही चावला," ती म्हणाली. "मी चावला. त्यांना कवळीनं काही कळत नाही. तीन वर्षं झाली, मीच चावते. ओला होता. मला ठाऊक होतं."

पाऊस आता नीट पडायला लागला होता. धाकटी मटकन खाली बसली. धाकट्याचा हात हळूहळू खाली आला.

थोरला उठला. उजवा हात छातीशी धरून, पांढराफटक पडलेला. तो भावाजवळ गेला आणि डाव्या हातानं त्याच्याकडून आकडी काढून घेतली. धाकट्यानं ती देऊन टाकली, विरोध केला नाही. थोरली पळू शकली असती. तिला वाटलं, एवढा रक्तानं गळणारा माणूस काय मारणार. डाव्या हाताचा तो फटका तिच्या उजव्या गालावर बसला. दांड्याचा जाड भाग होता. तिच्या तोंडात काहीतरी फुटलं आणि तोंड लोखंडाच्या चवीनं भरलं. ती गुडघ्यावर पडली आणि चिखलात थुंकली. दोन दाढा होत्या. एक अर्धी, एक मुळापासून.

तो दुसरा फटका मारायला गेला आणि तोल जाऊन स्वतःच पडला. बेशुद्ध झाला होता. तेवढ्यावर निभावलं.

त्यानंतर चार दिवस पाऊस होता. धाकटा भावाला ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात घेऊन गेला, तिसऱ्या दिवशी परत आणला. ताडपत्रीखालची पोती गरम झाली. थोरली आणि धाकटी दोघींनी ती घरात ओतली आणि खोल्यांतून, पलंगाखालून, दारापर्यंत गहू पसरला. घरभर आंबूस वास सुटला. दर दोन तासांनी फावड्यानं गहू हलवायचा. थोरलीचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता, ती एका बाजूनं पेज ओढून घ्यायची. थोरला भिंतीशी बसून डाव्या हातानं जेवायचा, अर्धं सांडायचा. धाकटी दोघांच्याही पुढं ताट ठेवायची आणि कुणाकडेही न बघता निघून जायची. बोलत कुणीच नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो त्या घरात सगळे मिळून खात होते.

मशीन शेतातच रुतलं होतं. त्यामुळे मशीनवाल्याला जाता आलं नाही. गोठ्याच्या पडवीत तो डोळ्यावर पट्टी बांधून राहिला. पोलिसात जाईन म्हणाला, मग थोरल्याचा हात बघून गेला नाही. थोरलीनं त्यालाही पेज दिली. त्यानं ती घेतली.

पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि पडतच राहिलं. आठव्या दिवशी चाकाखालची माती धरायला लागली. उरलेल्या सहा एकरांतला लोळलेला भाग कामातून गेला होता, पण उभा होता तो अजून वाचला होता. आज-उद्या काढला नाही तर त्यालाही मोड येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पश्चिमेला पुन्हा कापसासारखं काही जमत होतं.

"सोळा," मशीनवाला सकाळी दव उडाल्यावर मीटर घेऊन आला आणि अंगणात उभा राहिला. "पण मीटर त्या दिवशी पावसात भिजलंय. माझाही त्याच्यावर भरवसा नाही. तुम्ही सांगा. वाळलाय तर एकरावर, ओला असेल तर तासावर. या वेळी खरं सांगा एवढंच."

थोरला उठला. शेतात गेला, बऱ्याच वेळानं परत आला. डाव्या मुठीत ओंब्या होत्या. बायकोपुढं उभा राहिला आणि मूठ पुढं केली. आठ दिवसांत तो पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"बघ."

थोरलीनं त्याच्याकडे बघितलं. "कशानं बघू?" तिनं विचारलं. सुजेमुळे शब्द जाड निघत होते. "ज्या बाजूनं कळत होतं ती बाजू तुम्ही पाडलीत. दुसऱ्या बाजूला माझी दाढ लहानपणीच गेलीय."

त्यानं मूठ आणखी पुढं केली.

"तुम्हीच चावा," ती म्हणाली. "तुमचे सगळे शाबूत आहेत."

थोरल्यानं ओंबी चोळायला बघितली, पण एका हातानं ओंबी चोळता येत नाही. धाकटा पुढं झाला, त्यानं ती चोळली, फुंकर मारली आणि दाणे भावाच्या तळव्यावर ठेवले. थोरल्यानं एक दाणा दाढेखाली धरला आणि चावला.

कट्.

अंगणभर ऐकू जावा असा तो आवाज नव्हता, पण थोरली हातभर अंतरावर होती. स्वच्छ, कोरडा, पूर्ण वाळलेल्या दाण्याचा आवाज. तिच्यामागं म्हातारा बाकावर बसला होता. त्याची मान वर झाली, ते तिला न बघता कळलं.

थोरला चावत राहिला. दुसरा दाणा घेतला. तो असाच फुटला. तिसरा. त्याच्या कपाळावर घाम आला. "कळत नाही," तो शेवटी म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून तिनं लग्नापासून कधी ऐकलं नव्हतं. "तुला काय वाटतं? आवाजावरून काही?"

वाळलाय म्हटलं की मशीन पळणार होतं. पळालं की अडकणार, अडकलं की कुणीतरी हात घालणार. एवढंच मनात होतं असं नाही. तिचा गाल ठणकत होता, आणि या माणसाच्या खिशातून तास तास पैसा जावा, त्यानं तो जाताना बघावा, असंही तिला फार वाटत होतं. भीती होती आणि सूडही होता. दोन्ही एकाच शब्दात बसत होतं.

"ओला आहे," ती म्हणाली. "तासावर काढा. सावकाश."

थोरल्यानं बापाकडे बघितलं. धाकट्यानं बघितलं. मशीनवाल्यानंही एका डोळ्यानं बघितलं.

म्हाताऱ्यानं कवळी काढून हातात घेतली होती. "मला काय विचारता," तो बोळक्या तोंडानं म्हणाला. "तिनं सांगितलं ना. ओला आहे."

धाकटा म्हणाला, "माझ्या वाटणीचा मी देईन."

मशीन शेतात शिरलं आणि म्हशीच्या चालीनं चालायला लागलं. वाळलेला गहू न अडकता त्याच्या तोंडात जात होता. मशीनवाल्याला काय ते पहिल्या दहा पावलांतच कळलं असणार, पण तासाचा पैसा त्यालाही कडू नव्हता. तो एका डोळ्यानं पुढं बघत, रांगत्या पोरामागं चालावं तसा चालवत राहिला. थोरला बांधावर बसून, पट्टीतला हात मांडीवर ठेवून ते बघत होता. जे दोन तासांत झालं असतं त्याला संध्याकाळ झाली. थोरली त्याच्यापासून चार हात लांब पोती धरत होती आणि प्रत्येक फेरीला मशीन थांबलं की आधी माणसं मोजत होती, नंतर पोती.

शेवटची फेरी झाली, मशीनवाल्यानं इंजिन बंद केलं. थोरल्यानं विचारलं, "किती तास झाले?"

"सात," मशीनवाला म्हणाला.

थोरल्यानं मान हलवली आणि डाव्या हातानं खिसा चाचपायला लागला.